धूर वजा केलेलं जग

...काळं, गोल, प्लॅस्टिकचं, मागच्या बाजूला दांडी बसायचं भोक असलेलं ते बटण तिच्या बोटांना पर्सच्या तळाशी लागलं आणि ऑफिसचं कार्ड शोधायचं राहूनच गेलं. टेबलफॅनचं बटण. त्याच्यावर शून्य, एक आणि दोन हे आकडे अजून दिसत होते, तीन मात्र पार झिजून गेला होता, कारण अण्णा पंखा कायम तीनवर ठेवायचे आणि त्यांचा अंगठा नेमका तिथेच यायचा. बटण सैल झालं की अण्णा ते काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि दांडी पकडीनं फिरवायचे. दुरुस्त नाही करायचे. जगातले सगळे रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःच्या पंख्याला हात लावत नसे, आणि त्यावरून आईचं आणि त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं. हॉस्पिटलनं त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या त्यात चष्मा होता, घड्याळ होतं, आणि हे.

"आजच ना गं?" आईनं आतून विचारलं.

"काय?" तिला माहीत होतं काय ते.

"तुमचा तो रिपोर्ट."

"हो. आजच."

"मग आल्यावर सांग."

येताना दूध आण, म्हणावं इतक्या सहज आई म्हणाली आणि नळ सोडून कप विसळू लागली. कार्ड पर्समध्ये नव्हतंच, ते गळ्यात होतं. ती दार ओढून बाहेर पडली तेव्हा सकाळ नुकती कुठे वर आली होती, पण जिन्याचा कठडा आत्ताच हाताला कोमट लागत होता.

आल्यावर सांग. गेलं वर्षभर ती ह्या दोन शब्दांपासून पळत होती, आणि पळता यावं म्हणून तिनंच ते रिपोर्टचं निमित्त पुढे केलं होतं. अण्णा जाऊन महिना झाला असेल तेव्हा आई एकदा जेवता जेवता म्हणाली होती, "तुझं कामच हे ना — कशामुळे काय झालं ते शोधायचं? मग सांग की मला. माझ्यामुळे गेले का?" ती घाईनं म्हणाली होती, असं एकदम सांगता येत नाही आई, आम्ही त्या लाटेचा अभ्यास करतोय, रिपोर्ट येऊ दे... आणि आईनं मान डोलावली होती. रिपोर्ट येऊ दे. आई आयुष्यात कशासाठी एवढी शहाण्यासारखी थांबली नव्हती.

काम तिनं आईला एकदा समजावूनही दिलं होतं, दोन कप समोर ठेवून. हा कप म्हणजे आपलं जग, जसं आहे तसं. आणि हा दुसरा, ह्यात बाकी सगळं तेच, सूर्य तोच, समुद्र तेच, डोंगर तेच, फक्त माणसांनी कारखाने काढल्यापासून जेवढा धूर हवेत सोडला तेवढा वजा करायचा. मग दोन्ही जगं मशीनमध्ये पुन्हा पुन्हा चालवायची आणि मोजायचं, तसली उन्हाची लाट ह्या जगात किती वेळा येते आणि त्या जगात किती वेळा. ह्यात वारंवार आली आणि त्यात क्वचित, तर जेवढा फरक तेवढा धुराचा वाटा. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"आणि त्या दुसऱ्या जगात आपण असतो का?"

"माणसं नसतात गं त्यात. नुसती हवा असते."

"बरं आहे," आई म्हणाली होती आणि दोन्ही कप उचलून मोरीत ठेवून आली होती.

कशामुळे गेले, ह्याला उत्तरांचा तुटवडा कधीच नव्हता. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर हृदय लिहिलं. ते बरोबरच होतं, कुणाचंही शेवटी तेच बंद पडतं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, वरचा मजला, स्लॅब तापतो, मी कधीचा सांगत होतो. मावशीनं लिफ्टवर खापर फोडलं — लिफ्ट बंद नसती तर ते संध्याकाळी खाली उतरले असते, मोकळ्या हवेत बसले असते. आणि आई म्हणायची, मी गेले म्हणून. ती एका रात्रीपुरती मावशीकडे गेली होती. सकाळी परत आली तेव्हा दार आतून लावलेलं, पंखा पुऱ्या वेगात चालू, टेबलावर रेडिओ उघडा, आणि खुर्चीत अण्णा. आपल्याच खुर्चीत, समोरच्या आईच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. आईनं हे एकदाच सांगितलं आणि नंतर कधी सांगितलं नाही.

संस्थेच्या मीटिंगच्या खोलीत नेहमीसारखी हुडहुडी भरत होती. शेजारीच मशीनची खोली होती आणि मशीन गार राहावीत म्हणून अख्खा मजला गारठवून ठेवलेला असे. म्हणूनच आकडेवारी सांभाळणारा तिचा सहकारी भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून बसायचा आणि सगळे त्याला टोपीवाला म्हणायचे. आतली ऊब मोठ्या पाइपांमधून इमारतीच्या मागे सोडलेली होती, जिथे पहारेकरी बसत, आणि ते बिचारे स्टूल सरकवत सरकवत आता पार कुंपणाला टेकले होते. वीज यायची ती गावाबाहेरच्या केंद्रातून, कोळशावरची. त्याची चिमणी मीटिंगच्या खोलीतून दिसायची. धूर वजा केलेलं जग चालवायलाही धूर लागतो, हा टोपीवाल्याचा जुना विनोद होता, आणि पहिल्या वर्षी सगळे त्यावर हसले होते.

संचालकबाईंनी रिपोर्टचा गोषवारा वाचून दाखवला. अशी लाट पूर्वी शंभर वर्षांत एखादी आली असती, आता दहा-बारा वर्षांत एक येते. कुणाला काही म्हणायचंय? कुणाला काही म्हणायचं नव्हतं. हे सगळं त्यांनी मागच्या लाटेच्या वेळीही म्हटलं होतं, त्याच्या मागच्या पुराच्या वेळीही. आकडे तेवढे वाढत गेले होते. प्रत्येक वेळी चार दिवस फोन येत, मग थांबत, आणि चिमणी आपली चालूच. आपण शवविच्छेदन करणारी माणसं आहोत, तिला वाटलं, फक्त आपल्या टेबलावरचं प्रेत अजून उठून कामाला जातंय... मग तिला ह्या उपमेचीच शिसारी आली आणि तिनं पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

पहिला फोन एका बातमीदाराचा होता, आवाजावरून तरुण, घाईतला.

"मॅडम, एका वाक्यात सांगा. मागच्या उन्हाळ्यात जी माणसं गेली ती हवामानबदलामुळे गेली की नाही?"

"अशी लाट येण्याची शक्यता जवळजवळ दहापट झाली आहे, असं आम्ही म्हणतोय."

"हो, ते आहे माझ्याकडे. पण माणसं?"

"किती मृत्यू जास्तीचे झाले ते सांगता येतं. कोणते, ते नाही सांगता येत."

"म्हणजे एखादा अमुक माणूस घेतला तर..."

"तर नाही सांगता येत."

"म्हणजे सिद्ध होत नाही."

"मी तसं म्हणाले नाही."

"मग काय म्हणालात?" त्याच्या विचारण्यात खोच नव्हती, त्याला खरंच हवं होतं. पण तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं वाक्य नव्हतं, म्हणून तिनं पहिलंच पुन्हा दिलं.

तिनं फोन ठेवला. सिद्ध होत नाही. चिमण्यांचे मालकसुद्धा हेच म्हणत होते, वर्षानुवर्षं, मजेत, पाय पसरून. तिचं वाक्य आणि त्यांचं वाक्य छापलं की एकसारखं दिसायचं. ती प्रामाणिकपणे म्हणत होती आणि ते सोयीनं, पण कागदाला काय कळतं त्यातलं. कॉलेजात एका मास्तरांनी टेबलावर एक गोटी दुसरीवर आपटून विचारलं होतं, काय दिसलं? दुसरी गोटी ढकलली गेली, सगळे म्हणाले. ढकललेलं दिसलं? मास्तर म्हणाले. एक आली आणि मग दुसरी गेली, एवढंच दिसलं. मधलं तुम्ही घातलंत. तेव्हा ती केवढी खूश झाली होती! वीस वर्षांची होती, कुणी गेलेलं नव्हतं, आणि मधलं काढून टाकायला मजा वाटत होती. आता तिचं सगळं आयुष्य त्या मधल्या जागेत चाललं होतं. आई त्याच जागेत एकटी बसून होती, आणि तिला सांगायला हिच्याकडे काय होतं, तर दहापट.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. ती गेली नाही. तिनं धूर वजा केलेलं जग उघडलं आणि तारखेच्या चौकटीत अण्णा गेले ती तारीख टाकली.

हे करायचं नसतं. नव्यानं कामाला लागलेल्यांना ती स्वतः पहिल्याच दिवशी हे सांगायची — मशीनमधल्या जगातल्या तारखांचा आपल्या तारखांशी काही संबंध नाही. तिथली हवा तिच्या तिच्या वाटेनं चालते. तिथला एखादा दिवस म्हणजे नुसता एक दिवस, कोणताही. मोजायचं ते हजारो दिवस एकत्र धरून. टोपीवाला पुढे जोडायचा, त्या जगात आपला वाढदिवस शोधू नका, सापडतो, पण बोलावणं नसतं. नवे लोक हसायचे आणि तरी त्यांच्यातला एखादा पुढेमागे सापडायचाच, आपल्या लग्नाच्या दिवशी पाऊस होता का ते बघताना. ती त्यांना झापायची.

पहिल्या खेपेला त्या तारखेला ढग होते. ऊन बेताचं, वारा पश्चिमेचा. पडद्यावर नुसते आकडे होते आणि त्या आकड्यांकडे बघता बघता तिच्या डोळ्यांना धार लागली, कारण त्या बेताच्या उन्हात अण्णा टेबलाशी बसलेले होते, चष्मा कपाळावर, रेडिओ उघडा, आणि समोर आई खुर्चीत बसून त्या पंख्याच्या बटणावरून त्यांना बोलत होती. संध्याकाळ झाली. ती दोघं उठली. दुसरा दिवस आला... तिनं दुसरी खेप उघडली. त्यातही बरं होतं. तिसरीत पाऊस. चौथी उघडली आणि ती आकड्यांवर थांबली, कारण चौथीत त्या दिवशी ऊन आग ओकत होतं, खरोखरीच्या त्या दिवसापेक्षाही एक अंश जास्त. त्या जगात कुणी काडीही पेटवलेली नव्हती. चिमणी नाही, कोळसा नाही, दोष द्यायला चिटपाखरू नाही, आणि तरीही.

ह्यात नवल काहीच नव्हतं. शंभर वर्षांत एखादी म्हणजे एखादी असणारच. तिनंच तर सकाळी त्यावर मान डोलावली होती. पण ती त्या चौथ्या जगातून हलू शकेना. स्लॅब तापलेला, पंखा तीनवर, अण्णांचा शर्ट पाठीला चिकटलेला — आणि आई समोरच्या खुर्चीतून उठून त्यांना पाणी देत होती, पंचा ओला करून मानेवर ठेवत होती, पुरे झालं तुमचं ते खुडबुडणं म्हणून त्यांना जबरदस्तीनं आडवं करत होती. आणि अण्णा कुरकुरत का होईना, आडवे होत होते. त्या भयंकर उन्हातही ते वाचत होते.

"तारीख टाकलीस?" मागे टोपीवाला उभा होता.

तो पडद्याकडे बघत राहिला. तारीख त्यालाही ठाऊक होती, त्या दिवशी तिला गाडीतून घेऊन तोच गेला होता. त्यानं टोपी काढली, हातात चुरगाळली, पुन्हा घातली.

"मीही टाकतो कधीकधी," तो म्हणाला. "दुसरी. चल, चहा घेऊ."

"काही उपयोग आहे का रे ह्याचा?"

"चहाचा?" तो म्हणाला, आणि मग विनोद अर्ध्यावर सोडून देऊन म्हणाला, "नाही. मला नाही वाटत."

परत येताना ती बसस्टॉपवर न थांबता चालत निघाली. डांबर मऊ पडलं होतं, दुकानांनी पडदे ओढून घेतले होते, एसीची खोकी फुटपाथवर गरम हवा फेकत होती आणि येणारे-जाणारे त्यांच्यापासून अंग चोरून चालत होते, कुणी वर बघत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात आणखी खोकी लागतील. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ह्या रस्त्यानं दुपारचं चालता येणार नाही. हे तिला पाठ होतं, ह्याचे तक्ते तिनंच काढले होते. आज तिनं एक ठरवलं. खोटं बोलायचं. बातमीदाराला दिलं नाही, कोर्टाला दिलं नसतं, ते वाक्य आईला द्यायचं: धुरामुळे गेले, तुझ्यामुळे नाही. विज्ञान गेलं खड्ड्यात. एवढ्या मोठ्या जगात निदान एका बाईच्या छातीवरचा धोंडा उतरत असेल तर एवढा अप्रामाणिकपणा तिला परवडणार होता, आणि हे ठरवल्यावर तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. ती जिना भराभर चढली.

आई खिडकीशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आला," ती चपला काढता काढताच म्हणाली. "रिपोर्ट आला, आई. धुरामुळेच. तुझ्यामुळे नाही."

आईनं हातातली घडी पुरी केली. "असं लिहिलंय त्यात?"

"हो."

"ह्यांचं?"

"सगळ्यांचं. त्यातच अण्णा आले."

"म्हणजे कुणी केलं ते?"

"कुणी एकानं नाही गं. सगळ्यांनी मिळून, सगळ्या जगानं, शे-दीडशे वर्षं..."

आई ऐकत होती. धोंडा उतरल्याचं काहीही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तिनं एक टॉवेल घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, मग तो तसाच मांडीवर पडू दिला.

"चाळीस वर्षं त्यांचं दुखलं-खुपलं माझं होतं," ती म्हणाली. "आणि गेले तेवढे जगाचे?"

"आई, तसं नाही —"

"माझ्यामुळे गेले असतील तर निदान माझ्यामुळे गेले. तू तेही काढून घेतेस."

तिनं मनाची केवढी तयारी करून हे आणलं होतं, आणि आई ते नको म्हणून परत करत होती.

"वर्षभर तुला जगाचं सगळं शोधता आलं," आई म्हणाली, चिडून नव्हे, दमून. "मला एकदाही नाही विचारलंस, मी त्या दिवशी गेले का होते."

"मावशीकडे..."

"मावशीकडे गेले. का गेले?"

तिनं पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"उकडत होतं म्हणून," आई म्हणाली. "तिची खोली तळमजल्यावर, तिथे गार असतं. मी म्हटलं, चला हो, दोघंही जाऊ. ते म्हणाले, रेडिओ उघडून ठेवलाय, तू हो पुढे. आणि मला सोसत नव्हतं गं. वाटलं, आणखी तासभर इथे बसले तर मरेन. म्हणून गेले. त्यांना तिथेच ठेवून गेले." तिनं टॉवेलची घडी पुन्हा हातात घेतली. "आता हे कुठे बसतं तुझ्या त्या मशीनमध्ये, ते बघ."

बसत होतं. फार सरळ बसत होतं, तेच वाईट होतं. ऊन वाढलं, म्हणून आई उठली, म्हणून खुर्ची रिकामी झाली, म्हणून... धूर वजा करा, आई घरी राहते. म्हणजे तिनं आईला सांगितलेलं खोटं कदाचित खरंच होतं, आणि खरं असून त्याचा आईला कणभर उपयोग नव्हता, कारण ते ऊन शेवटी आईच्याच पायांनी दाराबाहेर पडलं होतं. कुठे संपतं ऊन आणि कुठे सुरू होते आई? मधली जागा. दोन गोट्यांच्या मधली.

आणि चौथं जग... तिथे तर ऊन होतंच. तिथे आईला सोसलं नसतंच, तिथूनही ती उठून गेलीच असती, कुठल्याही माणसानं तेच केलं असतं. मग तिथल्या खुर्चीत तिला कुणी बसवलं होतं? पहिल्या जगात, दुसऱ्यात, पावसाच्या त्या तिसऱ्यात, प्रत्येक जगात, ऊन असो नसो, तिनं आईला आधी त्या खुर्चीत आणून बसवलं होतं आणि मगच अण्णांना जिवंत ठेवलं होतं. धूर मशीननं वजा केला होता. तिनं स्वतः, वर्षभर मनातल्या मनात, एकच गोष्ट बदलून बघितली होती: आईचं जाणं.

"तुला तसं वाटत नाही ना?" आईनं विचारलं. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी असते तर... तुला नाही ना वाटत तसं?"

नाही, म्हणायचं होतं. एका वाक्यात. ते वाक्य तयारच होतं, ते घेऊनच ती जिना चढली होती, आणि आता ते तिच्या तोंडापर्यंत येत नव्हतं. आई तिच्याकडे बघत होती, आणि जेवढा उशीर होत होता तेवढं आईला कळत होतं. खिडकीबाहेर ऊन कलायचं नाव घेत नव्हतं. मग आईनंच नजर खाली वळवली आणि पुढचा कपडा उचलला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "पाणी पी आधी. किती घामेजली आहेस."